अख्खं चिकन अन पोर्कला इंजेक्शनने मसाला टोचायचाय, सुईतून नेमकं काय भरायचं?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. आमच्या मळ्यात दर ३१ डिसेंबरला भरीत पार्टी असते, वांगी, तुराट्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, सगळं ठरलेलं. यंदा पोरांच्या डोक्यात आलंय की भरीत तर होईलच पण सोबत अख्ख्या कोंबड्या निखाऱ्यावर भाजायच्या, पीस करून नाही, अख्ख्या. वर नाशिकचा एक मित्र पोर्कचा खांद्याचा तुकडा आणतोय, दोन किलोचा, बिनहाडाचा, फ्रोजन. अडचण अशी की अख्खी कोंबडी भाजली की तंगडी मस्त लागते आणि छाती कोरडी ठाक, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही, आणि मसाला सगळा वरवर, आत नुसतं पांढरं फिक्कं मांस. म्हणून ते मोठं स्टीलचं इंजेक्शन मागवलंय, अमेरिकेतले लोक टर्कीला टोचतात ना ते, सोबत तीन सुया आल्यात, दोन बाजूला बारीक भोकं असलेल्या आणि एक तिरकी कापलेली जाड.

आता मला सांगा त्यात भरायचं काय? आपला काळा मसाला पाण्यात कालवून भरला तर चालेल का, किलोला पाणी किती, मीठ किती, रात्रभर ठेवायचं का टोचल्या टोचल्या भाजायचं, पोर्कचं पाणी वेगळं करावं लागतं का तेच चालतं, आणि दही-लिंबू आतून टोचलं तर जास्त मऊ होईल का. व्हिडिओत जो तो कप आणि टेबलस्पूनमध्ये सांगतो, त्यावरून काही धड कळत नाही. घरी डिजिटल काटा आहे, ग्रॅममध्ये सांगा.

भुसावळ_लोको:
भाऊ, पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका की इंजेक्शन मसाला आत घालायला असतं. इंजेक्शन असतं मीठ आणि पाणी आत घालायला. मसाला बाहेरच राहणार आहे आणि तो बाहेरच चांगला लागतो, कारण भाजल्याचा वास येतो तो बाहेरच्या थराला. आतल्या मांसाला हवं असतं मीठ, थोडी गोडी, आणि चव भरीव करणारं काहीतरी, बस.

मीठ का, तर मांसातली प्रथिनं गरम झाली की आकसतात आणि स्वतःतलं पाणी बाहेर पिळून टाकतात, साधारण ६५-७० अंशाच्या पुढे हे जोरात चालू होतं. छातीत चरबी नसते म्हणून तिथं ते लगेच जाणवतं, तंगडीत चरबी आणि चिकट भाग असतो म्हणून ती वाचते. मीठ आत गेलं की ही प्रथिनं थोडी सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. नुसतं पाणी टोचलं तर ते जसं गेलं तसं बाहेर येईल, मीठ पाहिजेच.

हिशोब सोपा आहे. मांसाच्या वजनाच्या १० टक्के पाणी. बिनहाडाचं मांस असेल तर किलोला १०० मिली पाणी आणि त्यात ११-१२ ग्रॅम मीठ, म्हणजे शेवटी मांसात मीठ एक टक्क्याच्या आसपास पडतं, तोंडाला बरोबर लागतं. अख्ख्या कोंबडीत हाडं आली, ती काही मीठ खात नाहीत, म्हणून तिथं किलोला ९ ग्रॅम धरा. म्हणजे तुमची साफ केलेली कोंबडी १२०० ग्रॅम भरली तर १२० मिली पाणी, ११ ग्रॅम मीठ, ५-६ ग्रॅम साखर किंवा गूळ. आणि हे मीठ आत गेलं की बाहेरच्या मसाल्यात मीठ टाकायचं नाही, इथंच लोकं घोळ करतात, दोन्हीकडे मीठ आणि मग पाणी पीत बसा.

नुसत्या पाण्याऐवजी आळणी पाणी घ्या. कोंबडी कापून आणाल तेव्हा मान, पंजे, पाठीचा कणा मागून घ्या, त्यात कांदा, लसूण ठेचून टाका, मीठ न घालता तासभर उकळा, गाळा, गार करा. त्याच्यावरची चरबी काढून टाका. हे आळणी पाणी आत गेलं की मांसाला मांसाचीच चव दुप्पट येते, बाकी काही केलं नाही तरी चालतं. चिमूटभर अजिनोमोटो टाकत असाल तर टाका, आमच्याकडे टाकतात.

कळण्याची_भाकरी:
लोको दादांचं बरोबर आहे पण काळ्या मसाल्याची चव आत अजिबात नेताच येत नाही असं नाही, फक्त मसाला नाही न्यायचा, त्याचा अर्क न्यायचा. मसाला पाण्यात कालवून सुईत भरला तर पहिल्याच दाबाला भोकं बुजतात, तुम्ही जोर लावता, काही होत नाही, अजून जोर लावता आणि मग एकदम सुटतं ते सगळं भिंतीवर आणि अंगावर. मसाला कितीही बारीक असू द्या, धने-खोबऱ्याचा चोथा राहतोच.

मी असं करते, जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, त्यात दोन चमचे काळा मसाला मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत, जळू द्यायचा नाही, लगेच वरून आळणी पाणी, एक उकळी, झाकण, आणि वीस मिनिटं तसंच बाजूला. मग जुन्या धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं, चहाच्या गाळणीने नाही भागत, गाळणीतून गेलेला कण सुईच्या भोकात अडकतोच. फडकं दुहेरी करायचं आणि शेवटी पिळायचं नाही, पिळलं की गाळ खाली येतो. नंतर पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की तेलाचा लाल-काळा तवंग वर जमतो, तो काढून वाटीत ठेवा, टाकू नका, भाजताना वरून ब्रशने लावायला तोच वापरायचा. मिरचीचा रंग आणि लवंग-दगडफुलाचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणून खरा ऐवज त्या तवंगातच असतो. खाली जे पाणी राहतं ते मोजून घ्या, मीठ त्यात नंतर टाका, आधी नाही, कारण उकळून पाणी किती उरेल त्याचा भरवसा नसतो.

दही-लिंबाबद्दल. दही घट्ट, ते सुईतून जाणार नाही. दह्याची निवळ जाते, फडक्यातून टांगून काढलेली, पण तीही अर्धी पाण्यात मिसळून. लिंबू, व्हिनेगर आतून जास्त टोचलं तर मांस मऊ नाही होत, भुसभुशीत होतं, खाताना खडूचा भुगा तोंडात आल्यासारखं. १०० मिलीला अर्धा चमचा लिंबू, त्याच्यावर नको. आणि कच्ची पपई तर आतून बिलकुल नाही. वरून लावली तर ती वरचा थर खाते, आतून टोचली तर जिथं जिथं सुई गेली तिथं तिथं लगदा. अननसाचा रस घालायचा असेल तर आधी उकळून घ्या, उकळला की त्यातली मांस विरघळवायची ताकद जाते आणि नुसती गोडी राहते.

बटर टोचायची फार हौस असते लोकांना, व्हिडिओत दाखवतात. फ्रिजमधल्या गार मांसात वितळलेलं बटर टोचलं की ते तिथल्या तिथं गोठतं आणि सुईतसुद्धा गोठतं. त्यापेक्षा कातडी आणि छातीच्या मधे बोटाने मऊ लोणी सारा, परिणाम तोच आणि कटकट नाही.

बोरीकाठचा_जिभाऊ:
सुई बिई सोडी दे भो, गावठी कोंबडी आन आनि झणझणीत रस्सा कर 😄 पार्टी कोठे शे ते सांग पहिले.

आता सिरियसली. हे सगळं ब्रॉयलरसाठी ठीक आहे. गावठी कोंबडीला कोणी इंजेक्शन टोचायला जाऊ नका. ती चिवट असते ती पाणी कमी असतं म्हणून नाही, फिरून फिरून स्नायू घट्ट झालेले असतात, त्यातला चिकट भाग ओल्या उष्णतेत बराच वेळ शिजला तरच सुटतो. मिठाचं पाणी टोचून ती निखाऱ्यावर टाकली तर खारट चिवट कोंबडी मिळेल. तिची जागा पातेल्यात, पाट्यावर वाटलेल्या मसाल्यात.

आणि ब्रॉयलरला तरी सुई लागतेच का? माझं मत विचाराल तर एकच कोंबडी असेल तर लिटरभर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ विरघळवा, गार करा, त्यात अख्खी कोंबडी बुडवून सहा-सात तास फ्रिजमध्ये ठेवा, तोच परिणाम. सुईचा फायदा कधी, तर कोंबड्या जास्त असतील आणि फ्रिजमध्ये एवढी मोठी पातेली मावत नसतील तेव्हा, किंवा जाड तुकडा असेल तेव्हा. पोर्कच्या खांद्याला म्हणून सुई बरोबर आहे, दोन किलोच्या गोळ्याच्या मध्यापर्यंत वरून लावलेलं मीठ पोचायला दिवस लागतात.

पशुवैद्य_धुळे:
सुईबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण बऱ्याच जणांच्या मनात येतं की मेडिकलवरून ५० मिलीची सिरिंज आणू नाहीतर गोठ्यातली गुरांची सिरिंज उकळून घेऊ. गोठ्यातली तर कुठल्याच परिस्थितीत नाही, औषधाचा अंश प्लास्टिकात आणि रबरात राहतो, उकळून जात नाही. मेडिकलची नवी सिरिंज विषारी वगैरे नसते पण तिची सुई टोकाला उघडी असते, मांसात घुसताना तिच्या तोंडात मांसाचाच तुकडा अडकतो, आणि दाब दिला की सुई सिरिंजवरून सुटून मांसातच राहते. रात्री अंधारात जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात ती सापडायला नको. तुम्ही मागवलंय तेच बरोबर आहे, टोक बंद आणि बाजूला भोकं. जाड तिरकी सुई बाजूलाच ठेवा, ती घट्ट मिश्रणासाठी असते आणि तिच्यातून सगळं एकाच जागी पडतं. काम सुरू करताना सुया मोजा, संपल्यावर परत मोजा.

दुसरं, मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला. भाजताना वरची बाजू सगळ्यात आधी तापते म्हणून ते मरतात. सुई त्यांना वरून आत ढकलते. म्हणून एकदा टोचलं की ते मांस मध्यापर्यंत नीट शिजलंच पाहिजे, मधे गुलाबी ठेवायची चैन संपली. चिकन छातीच्या सगळ्यात जाड जागी आणि मांडीच्या सांध्याजवळ ७४ अंश. प्रोब थर्मामीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, इंजेक्शनपेक्षा तो आधी घ्यायला पाहिजे होता असं मी म्हणेन. २००६ ला आपल्याच नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, तेव्हा गावोगाव लोकांना हेच सांगत होते की ७० अंशाच्या वर सगळीकडून शिजलेल्या मांसात विषाणू टिकत नाही. तेव्हा सांगितलेलं आजही तेवढंच खरं आहे.

पोर्कबद्दल. अमेरिकेत अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबा असं सांगतात, ते तिकडच्या पद्धतीने पाळलेल्या आणि तपासलेल्या जनावराचं. आपल्याकडे माल कुठून आला ते शंभर टक्के माहीत नसेल तर ७१ च्या खाली थांबू नका, आणि टोचलेलं असेल तर अजिबातच नाही. अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून पोटात टेपवर्म होतो, आणि पुढे त्याच माणसाच्या विष्ठेतून पडलेली अंडी हातातून, पाण्यातून, भाजीपाल्यातून कोणाच्या पोटात गेली की मेंदूत गाठी होतात, म्हणजे पोर्क न खाणाऱ्यालाही होऊ शकतं. मांस कापताना मधे वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान पांढरट पाण्याने भरलेले फोड दिसले तर तो तुकडा टाकून द्या, मित्राला वाईट वाटलं तरी चालेल. खांद्याचा भाग तसाही ९० अंशाच्या पुढे गेल्याशिवाय सुटसुटीत होत नाही, त्यामुळे नीट शिजवलात तर ही भीती आपोआपच जाते.

तिसरं, डिसेंबरात रात्री आपल्याकडे गारठा असतो म्हणून लोक मांस बाहेर ओट्यावर ठेवतात. दुपारी तोच ओटा तिशीत असतो. टोचलेलं मांस ४-५ अंशाच्या आतच पाहिजे. मळ्यात लाईटचा भरवसा नसेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ, मासेवाले वापरतात तसा, आणि बर्फाचं पाणी मांसाला लागू देऊ नका.

केळीवाला_यावल:
बापरे, एवढं सगळं. थर्मामीटर आत्ताच ऑर्डर केला. जिभाऊ, पार्टीला या, पण गावठी तुम्ही आणा.

दोन-तीन शंका राहिल्या. एक तर आमच्या इथे चिकनवाला कातडी सोलूनच देतो, विचारल्याशिवाय ठेवत नाही, तर कातडी ठेवायची का? दुसरं, टोचायचं नेमकं कसं, किती ठिकाणी, कारण व्हिडिओत तो माणूस भराभर पन्नास भोकं पाडतो आणि मला तर वाटतं सगळं परत त्याच भोकातून गळणार. तिसरं, आमच्या एका भाच्याने सांगितलं की गुलाबी मीठ टाकलं की पोर्क हॅमसारखं गुलाबी होतं, घरात सैंधव पडलंय, ते टाकू का. आणि पार्टीला निम्म्याहून जास्त लोक पोर्क खात नाहीत, काही चिकनसुद्धा नाही, ते कसं सांभाळायचं तेही सांगा.

पशुवैद्य_धुळे:
गुलाबी मिठाचं आधी सांगतो कारण ते महत्त्वाचं आहे. सैंधव म्हणजे खाणीतलं साधं मीठच, त्याने मांस गुलाबी बिलिबी होत नाही, टाकायचं तर टाका, वजन तेवढंच धरा. हॅमला जे टाकतात ते वेगळं, त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, ओळखू यावं म्हणून मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. त्याचं प्रमाण चुकलं तर माणूस दवाखान्यात जातो, त्याहून वाईटही होऊ शकतं. तुम्ही त्याच दिवशी भाजून खाणार आहात, तुम्हाला त्याची काही गरज नाही. भाच्याला सांगा ते पाकीट घरात आणूच नको, नाहीतर कोणीतरी सैंधव समजून वरणात टाकेल.

भुसावळ_लोको:
कातडी ठेवायचीच. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, विथ स्किन पाहिजे म्हणून, पिसं नीट काढून, तो कुरकुर करतो कारण सोलणं त्याला सोपं पडतं. कातडी नसेल तर टोचलेलं पाणी निखाऱ्याच्या धगीने वरून उडतं आणि वरचा थर चामडं होतो.

टोचायची पद्धत लिहितो. कोंबडी आदल्या रात्री टोचा, कोरडी करून खोल परातीत ठेवा, परातीत कारण थोडं पाणी उडणार म्हणजे उडणारच. कातडीला भोकं पाडायची नाहीत. पोटाच्या पोकळीतून सुई आत घाला, किंवा मानेकडची कातडी उचलून तिथून. एकाच भोकातून सुई छातीच्या लांबीच्या दिशेने पुढपर्यंत न्या, मग दट्ट्या हळू दाबत दाबत सुई मागे ओढा, पण भोकातून पूर्ण बाहेर काढू नका, टोक आत असतानाच दिशा बदला, परत पुढे न्या, परत दाबत मागे. असं एका भोकातून तीन-चार दिशांना. छाती पुरी फुगावी तशी डोळ्यासमोर फुगते, आणि मग शेजारून थेंब बाहेर यायला लागले की तिथलं पोट भरलं, पुढच्या जागी जा. भराभर दाबलं तर पाणी एका जागी साचतं आणि तिथं खारट डबकं होतं. छातीला दोन्ही बाजूंना मिळून निम्मं पाणी द्या, उरलेलं मांड्या आणि तंगड्यांना, पंखांना काही नको.

गळणार ते थोडं गळतंच, त्याचं टेन्शन घेऊ नका. टोचायच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, १२०० ची कोंबडी १३०० च्या जवळ गेली की काम झालं. लागेल तेवढंच पाणी वेगळ्या ग्लासात काढून घ्या, सुई बाटलीत परत परत बुडवू नका. ग्लासात जे उरेल ते ओतून द्या, ते कच्च्या मांसाच्या संपर्कात आलेलं असतं. मग उघडीच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, म्हणजे कातडी वाळते आणि भाजताना कुरकुरीत होते. सकाळपर्यंत मीठ सगळीकडे सारखं पसरतं. टोचल्या टोचल्या भाजली तर एक घास खारट आणि एक अळणी लागतो.

भाजायला तुराट्या वांग्यासाठी ठेवा. त्या भडकतात आणि लगेच विझतात, कोंबडीला बाभळीचे किंवा आंब्याचे निखारे लागतात. निखारे एका बाजूला ओढा, कोंबडी दुसऱ्या बाजूला, वरून घमेलं पालथं घाला. अख्खी म्हणजे अख्खीच पाहिजे असा पोरांचा हट्ट नसेल तर पाठीचा कणा कात्रीने कापून चपटी करा, तासाच्या आत होते आणि छाती-तंगडी बरोबरीने शिजते. शेवटची पाच मिनिटं थेट निखाऱ्यावर, तेव्हाच ताईंनी सांगितलेला तो तवंग लावा, आधी लावला तर मसाला जळून कडू होतो.

कळण्याची_भाकरी:
पोर्कचं मी सांगणार नाही, आमच्याकडे होत नाही. पण भांड्यांचं सांगते. चिकन टोचून झाल्यावर तीच सुई पोर्कला गेली तरी चालेल पण पोर्कची सुई परत चिकनला नाही, असला हिशोबच नको, दोन सुया आहेत ना भोकांच्या, एक चिकनची एक पोर्कची, आणि सिरिंज एकच आहे म्हणून पोर्क सगळ्यात शेवटी. सुरी, पाट, परात सगळं वेगळं. चूल सुद्धा वेगळी पेटवा, लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. भरताची वांगी आणि भाकरी सगळ्यात आधी काढून घ्या म्हणजे जे चिकनही खात नाहीत ते निवांत जेवून घेतात आणि कोणाला विचारावं लागत नाही की कुठल्या चिमट्याने उलटवलं. सिरिंज शेवटी गरम पाणी-साबणाने, सुईतून दोन-तीन वेळा गरम पाणी मारून, मग सुया वेगळ्या करून दहा मिनिटं उकळा आणि उन्हात वाळवा. दट्ट्याची रबरी रिंग काढून धुवा, तिच्या खाली मसाला बसतो आणि तिथंच वास धरतो.

भुसावळ_लोको:
पोर्कचं माझ्याकडून. फ्रोजन दोन किलोचा गोळा फ्रिजमध्ये सुटायला पुरा एक दिवस लागतो, कधी दीड. बाहेर ठेवून सोडवू नका. मधे बर्फ राहिला असेल तर सुई तिथं अडकते आणि पाणी बाजूने उसळतं, म्हणून २९ लाच फ्रिजमध्ये खाली काढा, ३० ला रात्री कोंबड्या झाल्यावर टोचा.

पाणी २०० मिली. अर्धं सफरचंदाचा डब्यातला रस, अर्धं साधं पाणी, २३-२४ ग्रॅम मीठ, रसात साखर असतेच म्हणून गूळ फक्त १०-१५ ग्रॅम, लसूण ठेचून उकळून गाळलेला, मिरी ठेचून उकळून गाळलेली. हवं तर चमचाभर सोया सॉस, पण मग मीठ दोन ग्रॅम कमी करा. पोर्कला गोडी सहन होते, उलट ती मागते. सफरचंदाचा रस नसेल तर ताजा उसाचा रस उकळून, मळी काढून, फडक्यातून गाळून चालतो, मला तर तोच जास्त आवडतो. काळा मसाला इथे आत घालू नका, पोर्कची चव सौम्य असते, त्याखाली ती दिसतच नाही. वरून लावायला चालेल, त्यात नंदुरबारच्या मिरचीचं तिखट थोडं.

टोचायचं सगळीकडून, साधारण एक इंचाच्या अंतराने, सुई मांसाच्या दोऱ्यांच्या दिशेने. बाजारातले हॅम-सॉसेजवाले फॉस्फेट घालतात पाणी धरायला, जास्त झालं की साबणासारखी चव येते, घरी त्याची गरज नाही.

आणि दोन किलोचा गोळा पूर्णपणे निखाऱ्यावर करायच्या भानगडीत पडू नका, पाच-सहा तास जाळ सारखा ठेवावा लागतो आणि पार्टीत ते कोण करणार, सगळे गप्पा मारायला बसतात. गोळ्याचे तीन भाग करा. दुपारी जाड बुडाच्या पातेल्यात कांदा, थोडं पाणी, घट्ट झाकण, अगदी मंद आचेवर अडीच-तीन तास, जेवायचा काटा खुपसला तर सहज फिरला पाहिजे. थर्मामीटर ९० च्या पुढे दाखवेल. मग संध्याकाळी फक्त मसाला आणि तेल लावून निखाऱ्यावर चारी बाजूंनी खरपूस. पातेल्यात जो रस उरतो तो आटवून वरून सोडा, पण आधी चाखा, त्यात टोचलेलं मीठ उतरलेलं असतं.

केळीवाला_यावल:
भारीच. उसाचा रस फायनल, आमच्या शेजारच्या मळ्यातच चरक आहे. तीन कोंबड्या, विथ स्किन, सांगून ठेवल्या चिकनवाल्याला, तो म्हणे एवढी कातडी करता काय 😄 एकच विचारायचं राहिलं, आळणी पाणी आणि मसाल्याचा अर्क ३० ला सकाळी करून ठेवला आणि रात्री टोचलं तर चालेल ना? दिवसभर शेतात असतो.

कळण्याची_भाकरी:
चालेल, पण गरम गरम झाकून ओट्यावर सोडून जाऊ नका. पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून हलवा, गार झालं की लगेच फ्रिज. मीठ तेव्हाच मोजून टाकलं तरी चालेल. आणि टोचायच्या आधी परत एकदा फडक्यातून गाळा, फ्रिजमध्ये बसल्यावर खाली बारीक गाळ धरतो, नेमका तोच सुईत जातो.

बोरीकाठचा_जिभाऊ:
गावठी आणतो. तीन वाजता पोचतो, पातेलं मोठं ठेवा.